महाविद्यालयाच्या दारांत उभ्या असलेल्या मुलामुलींस

(धर्मग्रामाच्या जुबिलीनिमित्त डहाणू-तलासरी भागांतील विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



जुबिली म्हटली म्हणजे मागील वर्षांचा हिशेब आणि पुढील वर्षांची तजवीज, अशीं दोन्ही कामें एकाच वेळीं करावयाचीं असतात. हिशेबाचें काम आपली वडील मंडळी करीत आहेत. तजविजीचा एक लहानसा भाग मजकडे आला आहे. बारावीची परीक्षा उतरून जे आमचे मुलगे व ज्या आमच्या मुली यंदा महाविद्यालयांत पाऊल टाकणार आहेत, त्यांच्या उपयोगीं पडेल असें कांहीं सांगावें, अशी मला आज्ञा आहे. मी कांहीं मोठा विद्वान नव्हे. आयुष्याचीं तीसएक वर्षें महाविद्यालयांत शिकविण्यांत गेलीं, आणि त्यापूर्वीं तुमच्यासारखाच एक घाबरलेला मुलगा म्हणून मी तेथें शिकावयास गेलों होतों. या दोन्ही बाजूंनीं जें पाहिलें तेंच सांगतों.

प्रथम माझीच एक फजिती ऐका. मी तलासरी तालुक्यांतल्या एका पाड्यावरचा. मी बारावी झालों तेव्हां आमच्या पाड्यांत महाविद्यालयाचें तोंड कोणी पाहिलेलें नव्हतें. महाविद्यालय जूनमध्यें सुरू झालें. परंतु घरीं आवणीचे दिवस होते, म्हणून मी जुलै संपतां संपतां हजर झालों. पोंचून पाहतों तों प्रत्येक विषयाचीं दोन-दोन प्रकरणें होऊन गेलेलीं. शिष्यवृत्तीसाठीं अर्ज भरावा लागतो एवढें मला ठाऊक होतें. कोठें, कसा व कोणत्या तारखेपर्यंत, तें ठाऊक नव्हतें. कचेरीच्या खिडकीपुढें मी तीन वेळां रांगेंत उभा राहिलों, आणि तिन्ही वेळां माझी पाळी येतांच मागें सरून निघून आलों. आपली बोली ऐकून कोणी हंसेल, हीच एक भीति. चौथ्या वेळीं धीर करून विचारलें, तेव्हां मुदत संपून आठ दिवस झाले होते. त्या वर्षाचा खर्च भागविण्यासाठीं बापानें बैलजोडींतला एक बैल विकला. पुढील पावसाळ्यांत शेजाऱ्याचा बैल मागून आणून नांगर चालवावा लागला. बापानें मला एका शब्दानेंही दूषण दिलें नाहीं. आईनें मात्र एकदांच म्हटलें, "तेथं विचारायला कोणी नव्हतं का रं?"

माणसें तर पुष्कळ होतीं. मीच विचारलें नव्हतें. बंधुभगिनींनो, आज मला जें सांगावयाचें आहे त्याचें सार एवढेंच कीं, आमचीं मुलें महाविद्यालयांत मागें पडतात तीं बुद्धि कमी म्हणून नव्हे. विचारण्याची लाज वाटते म्हणून. माझ्या वर्गांतून पहिल्याच वर्षीं गळून गेलेलीं मुलें मीं पाहिलीं आहेत. त्यांतील बहुतेकांची अडचण अशी होती कीं, वेळेवर कोणाला तरी विचारलें असतें तर ती एका दिवसांत सुटली असती.

ही लाज आली कोठून, याचाही विचार केला पाहिजे. आपल्या आज्यापणज्यांच्या काळीं जमीनदाराला प्रश्न विचारणें हा उद्धटपणा समजला जात असे. वेठ होती, लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं नवराबायकोनें वर्षानुवर्षें राबणारी लग्नगड्याची पद्धति होती. कागदावर काय लिहिलें आहे हें न विचारतां अंगठा उठवावा लागे. १९४५ सालीं गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढारीपणाखालीं वारली बांधवांनीं वेठीस नकार दिला, तो इतिहास सर्वांस ठाऊक आहे. राजकीय मतें कोणाचीं कांहींही असोत, पण आज तलासरीस ज्या महाविद्यालयांत आमचीं मुलें शिकतात त्यास गोदावरीबाईंचें नांव आहे, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. ज्या लोकांना विचारण्याची मुभा नव्हती त्यांचीं नातवंडें आज तेथें बाकावर बसतात. वेठ गेली, परंतु मान खालीं घालून गप्प राहण्याची संवय अजून आपल्या अंगांतून पुरती गेलेली नाहीं. ती घालविणें हेंच पहिलें शिक्षण.

शाळा व महाविद्यालय यांतील भेद येथेंच ओळखून ठेवावा. आपल्या डहाणू तालुक्यांत कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें आरंभिलेलें बालशिक्षणाचें कार्य १९५७ मध्यें त्या टेकडीवर नेण्यांत आलें. पाड्यांवरचीं मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं शाळाच मुलांकडे नेली. अंगणांत बालवाडी भरली. गुरें चारणाऱ्या मुलांसाठीं कुरणांत कुरणशाळा भरली. लहान मुलांच्या बाबतींत हेंच योग्य होतें. महाविद्यालयाची रीत याच्या नेमकी उलट आहे. तें आपल्या अंगणांत येत नाहीं. शाळेंत तुम्ही दोन दिवस गैरहजर राहिलां तर गुरुजी निरोप धाडीत. येथें दोन महिने गैरहजर राहिलां तरी बहुधा कोणी घरीं विचारपूस करावयास येणार नाहीं. येथें चालून जावयाचें तें तुम्हीं. आतां तें कसें, हें एकेक करून सांगतों.

पहिली गोष्ट, पहिल्या दिवसापासून हजर राहा. महाविद्यालय सुरू होण्याचे दिवस आणि आपल्या आवणीचे दिवस एकच असतात, ही आमची खरी अडचण आहे; शहरांतल्या मुलाला ती नाहीं. परंतु शेतकऱ्याच्या मुलाला वेगळें सांगावयास नको कीं, रोप वेळेवर लागलें नाहीं तर मागाहून कितीही खत घातलें तरी पीक हलकेंच येतें. पहिल्या पंधरवड्यांत वेळापत्रक ठरतें, विषय निवडावयाचे असतात, ओळखी होतात आणि प्रत्येक विषयाचा पाया घातला जातो. मुंबई विद्यापीठाच्या नियमाप्रमाणें पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. शिवाय वर्ग चालू असतांनाच चाचण्या व स्वाध्याय यांचे गुण जमा होत असतात. परीक्षेच्या तोंडावर जागा होणारा मुलगा ते गुण आधींच गमावून बसलेला असतो. म्हणून आईबापांस माझी हात जोडून विनंति आहे कीं, आवणीला सुटीच्या दिवशीं मुलांस अवश्य न्या, पण वर्गाच्या दिवशीं त्यांस मोकळें ठेवा.

दुसरी गोष्ट, विचारावें कसें, तें शिका. "सर, मला कांहीं समजलें नाहीं," असें म्हटल्यास शिक्षक तरी कोठून आरंभ करणार? घरीं पुस्तक उघडून जेथें गाडें अडलें ती ओळ अधोरेखित करावी, प्रश्न एका चिठ्ठीवर लिहावा, आणि तास संपल्यावर शिक्षकांपाशीं जाऊन म्हणावें, "येथपर्यंत समजलें, ही पायरी समजली नाहीं." तीस वर्षांच्या अनुभवानें सांगतों, असा प्रश्न घेऊन येणारा विद्यार्थी शिक्षकाला मनापासून आवडतो. ग्रंथपालांस विचारा कीं पुस्तकें किती दिवस ठेवतां येतात व जुन्या प्रश्नपत्रिका कोठें आहेत. कचेरींत जातांना काय विचारावयाचें तें कागदावर लिहून न्या, म्हणजे खिडकीपाशीं जीभ अडखळणार नाहीं. कोणी तुसडेपणानें उत्तर दिलें तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां विचारा. आपण भीक मागत नसतों. आपला हक्क विचारीत असतों. आपला प्रभुही बारा वर्षांचा असतांना मंदिरांत गुरुजनांच्या मध्यें बसून त्यांचें ऐकत होता व त्यांस प्रश्न करीत होता. मग आम्हीं कां लाजावें?

तिसरी गोष्ट भाषेची. घरीं वारली बोली, शाळेंत पुस्तकी मराठी, आणि महाविद्यालयांत एकाएकीं इंग्रजी. या तीन पायऱ्या आमच्या मुलांस चढाव्या लागतात. पुष्कळांस वाटतें कीं, पुढें जावयाचें तर आपली बोली टाकून दिली पाहिजे. हें खरें नव्हे. घोलवडच्या वाडीवाल्यास विचारा. चिकूचें कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. खुंट मातींतला, चिवट. फळ मात्र वरच्या कलमाचें. खुंट उपटून टाकणारास फळ मिळत नाहीं. तेव्हां समजून घ्यावयाचें तें आपल्या भाषेंत घ्या, आणि त्यावर इंग्रजीचें कलम बांधा. प्रकरण आधीं मराठींत वाचावें, नंतर तेंच इंग्रजींत. रोज दहा नवे शब्द वहींत अर्थासह लिहावे आणि रविवारीं सर्व साठ-सत्तर शब्द दुसऱ्याकडून विचारून घ्यावे. कला शाखेच्या अनेक विषयांचीं उत्तरें मराठींत लिहितां येतात. आपल्या विषयाची सोय काय आहे, हें पहिल्याच आठवड्यांत शिक्षकांस विचारून घ्यावें.

चौथी गोष्ट अभ्यासाची. ज्या दिवशीं जें शिकविलें तें त्याच रात्रीं अर्धा तास उजळावें. जर्मनींतील एबिंगहाउस नामक पंडितानें १८८५ सालीं स्वतःवर प्रयोग करून दाखविलें कीं, पाठ केलेल्या गोष्टीचा मोठा भाग माणूस पहिल्याच दिवसांत विसरतो, आणि पुढें विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी. उजळणी म्हणजे तेंच पान पुन्हां पुन्हां वाचणें नव्हे. अमेरिकेंतील रोडिगर व कार्पिकी या दोघां संशोधकांनीं २००६ सालीं विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. कांहींनीं उतारा पुन्हां वाचला. कांहींनीं पुस्तक मिटून आठवेल तें लिहून काढलें. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां पुन्हां वाचणारे पुढें होते. आठवड्यानें घेतली तेव्हां आठवून लिहिणारे पुढें गेले. परीक्षा पांच मिनिटांनीं नसते, हें ध्यानांत ठेवा. पुस्तक मिटा, आठवा, लिहा, मग पुस्तक उघडून चुका दुरुस्त करा. दोघातिघांनीं मिळून एकमेकांस प्रश्न घातले तर फारच उत्तम; त्यामुळें विचारण्याची संवयही लागते.

ज्यांना डहाणूरोडहून गाडीनें रोज जावें-यावें लागतें त्यांनीं प्रवासाचा वेळ फुकट दवडूं नये. विरारच्या पुढें डहाणूपर्यंत २०१३ सालीं लोकल सुरू झाल्यापासून दूरचीं महाविद्यालयें जवळ आलीं खरीं. पण उभ्यानें केलेल्या प्रवासांत वही उघडतां येत नाहीं. तेथें मनांतल्या मनांत आठवण्याचा अभ्यास करतां येतो. मोबाईल हें उत्तम साधन आहे आणि उत्तम चोरही आहे. अभ्यासाच्या वेळीं तो दुसऱ्या खोलींत असावा, आणि खोली एकच असेल तर आईपाशीं द्यावा.

पांचवी गोष्ट कागदपत्रांची. आणि येथें मी जरा थांबून बोलणार आहें, कारण माझ्या बापाचा बैल यांतच गेला. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीचीं गुणपत्रकें आणि आधार जोडलेलें बँकेचें पासबुक, एवढें एका पिशवींत घालून ठेवा व प्रत्येकाच्या चार प्रती काढा. वैधता प्रमाणपत्रास महिनेच्या महिने लागूं शकतात, म्हणून त्याचा अर्ज बारावींत असतांनाच करावा. आपल्यांत आणखी एक घोंटाळा नेहमीं होतो. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नांव, शाळेंत दुसरें आणि आधारवर तिसरेंच! अर्ज अडतात ते बहुधा याच ठिकाणीं. नांवें आजच घरीं जाऊन ताडून पाहा.

अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांस बारावीनंतरच्या शिक्षणासाठीं शिष्यवृत्ति आहे. तिचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरावयाचा असतो. सरकारी वसतिगृहांत जागा न मिळालेल्या मुलामुलींस राहण्याजेवणाच्या खर्चासाठीं पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. या सर्वांची विचारपूस डहाणू येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयांत करावी. कोणी कोणी आमच्या मुलांस सांगतात कीं, तुम्ही ख्रिस्ती, तुम्हांला सवलत कशी मिळणार? यास उत्तर असें कीं, अनुसूचित जमातींसंबंधींच्या १९५० च्या आदेशांत धर्माची अट नाहीं. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, दुबळा वा धोडिया, जो ज्या जमातींत जन्मला तो कोणत्या देवळांत प्रार्थना करतो यावरून त्याची जमात बदलत नाहीं. हें नम्रपणें, परंतु स्पष्ट सांगावें. आणि तेवढ्यावर न भागल्यास वडील माणसास सोबत घेऊन पुन्हां जावें.

सहावी गोष्ट अपयशाची. एखाद्या विषयांत नापास झालां तर तोंड लपवून घरीं बसूं नका. एटीकेटीची सोय त्यासाठींच आहे. किती विषय राहिले तर पुढील वर्गांत बसतां येतें, हें कचेरींत विचारा आणि राहिलेला विषय आधीं सोडवा. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबें वीटभट्टीवर किंवा वसई-भिवंडीकडे कामास जातात, आणि दुसऱ्या सत्रांत वर्गांतलीं बाकें रिकामीं होतात. असा प्रसंग येणार असें दिसतांच, जाण्यापूर्वीं शिक्षकांस सांगा. नातलगांकडे किंवा वसतिगृहांत राहण्याची सोय होते का, हें पाहा. न सांगतां निघून गेलेल्या मुलासाठीं कोणाला कांहींच करतां येत नाहीं. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानें मध्येंच थांबलेल्यास पुढें परत येण्याची वाट ठेविली आहे, आणि मिळविलेले श्रेयांक जमा राहतात. तरी पण एका वर्षाचें प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे, हें विसरूं नका. नाइलाज असेल तरच थांबावें. मुलींच्या आईबापांस विशेष सांगणें आहे. स्थळ चांगलें आलें म्हणून दुसऱ्या वर्षीं मुलीचें नांव काढूं नका. चांगलें स्थळ एक वर्ष थांबतें. जें थांबत नाहीं तें चांगलें नव्हे.

मघाशीं मीं अनुताईंचें नांव घेतलें. त्यांना बालपणींच वैधव्य आलें. शिक्षिकेची नोकरी करतां करतां रात्रीच्या शाळेंत बसून त्या १९३७ सालीं मॅट्रिक झाल्या, आणि वयाची पन्नास वर्षें उलटल्यावर, १९६१ सालीं, पदवीधर झाल्या. तोंवर त्या स्वतःच कितीतरी वर्षें शिक्षिका होत्या. परंतु पुन्हां विद्यार्थिनी होण्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं. मग अठरा वर्षांच्या मुलानें एका विषयांत नापास झाल्यावर आतां सर्व संपलें असें कां म्हणावें?

शेवटीं धर्मग्रामापुढें एक सूचना ठेवितों. जुबिलीची आठवण म्हणून आपण पताका लावल्या, रोषणाई केली, त्या उतरतील. एक गोष्ट राहील अशी करूं या. दर रविवारीं मिस्सा संपल्यावर एक तास चर्चच्या आवारांत एक टेबल मांडावें. महाविद्यालयांत शिकत असलेल्या दोन वरच्या वर्गांतील मुलामुलींनीं तेथें बसावें, आणि खालच्या वर्गांतील ज्याला जें विचारावयाचें असेल तें विचारावें. अर्ज कसा भरावा, पुस्तक कोठें मिळेल, अमुक शब्दाचा अर्थ काय. या कामाला पैसा लागत नाहीं. लाज सोडावी लागते आणि तास द्यावा लागतो. मीही, देवानें शक्ति दिली तोंवर, त्या टेबलापाशीं येऊन बसेन.

आईबापहो, तुम्हीं स्वतः शाळेंत गेलां नसाल. तरी रोज संध्याकाळीं मुलाला एवढें विचारा कीं, आज तूं वर्गांत काय विचारलेंस? काय शिकलास, याचें उत्तर तो कसेंही देईल. काय विचारलेंस, याचें उत्तर द्यावयाचें तर त्याला दुसऱ्या दिवशीं खरोखरच विचारावें लागेल.

माझी आई आज हयात नाहीं. तिच्या त्या प्रश्नाचें उत्तर मला तेव्हां देतां आलें नाहीं. पुढील जुबिलीच्या वेळीं या धर्मग्रामांतल्या कोणत्याही आईला आपल्या मुलास तो प्रश्न विचारण्याची पाळी येऊं नये, एवढीच माझी इच्छा. दार ठोठावण्याविषयींचें प्रभूचें सांगणें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. महाविद्यालयाचें दार तुमच्यापुढें आहे, तें ठोठावा. परमेश्वर तुम्हां सर्वांस सुबुद्धि, आरोग्य व धैर्य देवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.